तंबोऱ्याच्या चार तारा आणि विजेचा लखोटा

पियानोचा एक सूर ध्वनिमुद्रित करून ती फीत उलटी फिरविली, तर एक चमत्कार घडतो. सूर तोच असतो, त्याची उंची तीच असते, त्यांतील कंपनेंही तींच असतात. परंतु ऐकणारा त्यास पियानो म्हणत नाहीं. पायपेटीसारखें कांहीं तरी वाजत आहे, असें त्यास वाटतें. बदललें काय? केवळ क्रम बदलला. जो नाद एकदम जन्मून हळूहळू मावळत होता, तो आतां हळूहळू वाढून एकदम तुटतो. यावरून असें दिसतें कीं, नाद ओळखतांना आपला कान सुराच्या उंचीइतकेंच त्याच्या आयुष्याकडे लक्ष देतो. तो कसा उठला, किती टिकला आणि कसा गेला, यांवर त्याची ओळख ठरते. नादाच्या या आयुष्यरेषेस इंग्रजी शास्त्रांत ‘एन्व्हलप’ म्हणजे लखोटा असें नांव आहे. लखोट्यांत जसें पत्र, तशीं या रेषेच्या आंत नादाचीं कंपनें असतात. ही रेषा विजेच्या साहाय्यानें हवी तशी काढणारें जें साधन, तो ‘एन्व्हलप जनरेटर’. त्याच्याकडून नाना प्रकारचीं कामें कशीं करून घेतां येतात, तें आज सांगावयाचें आहे. आणि तें एका तंबोऱ्याच्या निमित्तानें सांगणार आहें.

बदलापूर स्टेशनाच्या पूर्वेस कात्रप म्हणून वस्ती आहे. एके काळचें हें गांव आतां इमारतींनीं भरून गेलें आहे. मुंबईंतील जागा परवडेनाशा झाल्यामुळें जीं असंख्य कुटुंबें कल्याणच्या पलीकडे राहावयास आलीं, त्यांपैकींच आमचें एक. आमच्याच जिन्यावर, एक मजला खालीं, गाणें शिकविणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. गिरगांवांतील बिऱ्हाड हलवून त्या येथें आल्या, तेव्हां सामानाच्या गाडींत त्यांच्या मिरजेच्या तंबोऱ्यास धक्का लागला आणि भोपळ्यास तडा गेला. तंबोरा दुरुस्तीसाठीं मिरजेस गेला. काम जुन्या पद्धतीचें. महिने लागणार होते. बाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. “माझ्या वयाला गळा चार महिने बंद ठेवला, तर तो पुन्हां उघडत नाहीं,” असें त्या एकदां जिन्यांत सहज म्हणाल्या. तें वाक्य माझ्या मनांतून जाईना.

विजेवर चालणारा तंबोरा बाजारांत मिळतो, हें खरें. बंगळूरचे राज नारायण यांनीं १९७९ सालीं तो प्रथम तयार केला आणि आज तो गांवोगांव आहे. परंतु बाईंना तो रुचत नसे. मला विजेच्या यंत्रांतून नाद काढण्याचा नाद आहे, हें त्यांस ठाऊक होतें. मीं प्रयत्न करून पाहूं कां, असें विचारलें. “करा. पण वाईट झाला तर वाईट म्हणेन,” अशी अट घालून त्यांनीं संमति दिली.

माझ्याजवळचें यंत्र म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर. याचें एकसंध असें स्वरूप नसतें. एका लाकडी चौकटींत अनेक सुटीं मॉड्युलें बसविलेलीं असतात. ऑसिलेटर सूर उत्पन्न करतो, फिल्टर त्या सुरांतील वरचीं कंपनें गाळतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याचा आवाज कमीअधिक करतो. परंतु यांतील कोणाचा संबंध कोणाशीं जोडावा, हें वाजविणाराच तारांनीं ठरवितो. या जोडणीस ‘पॅच’ म्हणतात. तारा काढल्या कीं पॅच संपला. यंत्रास आठवण म्हणून नसते.

अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं असें यंत्र रचिलें, तेव्हां त्यांचे सहकारी हर्बर्ट डॉइच यांनीं एक अडचण सांगितली. सूर नुसता चालू होतो आणि बंद होतो; त्यास आरंभ व शेवट यांचा आकार नाहीं. त्यावर पहिला प्रयोग झाला तो दारावरच्या घंटेचें साधें बटण लावून. पुढें व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकारानें आकाराच्या चार अवस्था स्पष्ट करून मागितल्या आणि त्याच आज सर्वत्र रूढ आहेत. मूग यांचें असेंच एक यंत्र १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत येऊन पोंचलें. डेव्हिड ट्यूडर यांनीं तें तेथें मांडून दिलें आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा इत्यादींनीं त्यावर रचना केल्या. गीता साराभाई या पखवाज वाजविणाऱ्या. पॅच केव्हांच नाहींसे झाले. फिती मात्र संस्थेच्या संग्रहांत पडून होत्या. त्यांतील निवडक संगीत २०२३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें.

आतां त्या चार अवस्था पाहूं. पहिली उठाव, म्हणजे शून्यापासून शिखरापर्यंत जाण्यास लागणारा काळ. दुसरी उतार, म्हणजे शिखरावरून खालीं येण्याचा काळ. तिसरी टिकाव, हा काळ नसून पातळी आहे, बोट पट्टीवर असेपर्यंत नाद जेथें स्थिर राहतो ती पातळी. चौथी ओसर, म्हणजे बोट उचलल्यावर नाद विरण्यास लागणारा काळ. कात्रपच्या कोणत्याही सकाळीं या चारही अवस्था खिडकींत बसून ऐकावयास मिळतात. देवळांतील घंटेस उठाव जवळजवळ नाहीं, टिकाव मुळींच नाहीं, उतार मात्र लांबलचक. कुकरची शिटी सावकाश उठते आणि झटक्यानें बसते. रिक्षाच्या भोंग्यास केवळ टिकाव असतो. आणि कर्जतकडून येणारी लोकल दूरवरून इतकी हळू उठते कीं, तिचा आरंभ कोणत्या क्षणीं झाला हें कोणास सांगतां येणार नाहीं.

येथपर्यंत वाटेल कीं, एन्व्हलप जनरेटर म्हणजे आवाज लहानमोठा करण्याची एक युक्ति. सामान्य कळफलकाच्या वाद्यांत त्याचा उपयोग बव्हंशीं तेवढाच दिसतो. परंतु मॉड्युलर यंत्राची खरी गंमत येथून पुढें आहे. या साधनांतून बाहेर पडतो तो नाद नव्हे. शून्यापासून सुमारें आठ-दहा व्होल्टांपर्यंत चढणारा व उतरणारा विजेचा दाब तेवढा बाहेर पडतो. हा दाब कोठें जावयाचा, हें त्या साधनास ठाऊक नसतें. तो अ‍ॅम्प्लिफायरला दिला तर आवाज वाढेल. फिल्टरला दिला तर सुराचा रंग उजळेल. ऑसिलेटरला दिला तर स्वर वर सरकेल. आणि दुसऱ्या एन्व्हलप जनरेटरच्या उताराला दिला, तर त्याचा उतार लांबेल. पाण्याचा पाट कोणत्या वाफ्यांत सोडावा हें जसें माळ्याच्या हातीं, तसेंच हें.

याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. चरणजित सिंग या चित्रपटसंगीतांतील वादकानें १९८२ सालीं ‘टेन रागाज टु ए डिस्को बीट’ ही तबकडी काढली. तींत रोलंड कंपनीचें टीबी-३०३ हें छोटें यंत्र आहे. त्यांत एन्व्हलपसाठीं उताराची एक कळ आणि हा दाब फिल्टरवर किती पडावा हें ठरविणारी दुसरी कळ, एवढेंच. परंतु तेवढ्यानें प्रत्येक स्वर तोंड उघडून मिटल्यासारखा बोलूं लागतो. ही तबकडी त्या वेळीं फारशी कोणीं ऐकली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाल्यावर जगभर तिचें कौतुक झालें.

तर आमचा तंबोरा. तंबोऱ्यास तारा चार. पहिली पंचमाची, मधली जोड षड्जाची आणि शेवटची खर्जाची. मीं चार ऑसिलेटर त्याप्रमाणें बाईंच्या काळी चारला मिळविले, प्रत्येकास अ‍ॅम्प्लिफायर दिला आणि चौघांस चार एन्व्हलप जनरेटर जोडले. पहिल्या दिवशीं माझ्या हातून टिकाव वर राहिला होता. बाईंनीं दोन क्षण ऐकलें आणि म्हणाल्या, “ही तर पेटी.”

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पेटीचा स्वर भात्यांत हवा असेपर्यंत एका पातळीवर उभा राहतो आणि एका पट्टीवरून दुसरीवर जातांना मधली वाट त्यास नसते. भारतीय आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस बंदी केली आणि ती १९७१ सालीं अंशतः उठली, हा इतिहास आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. त्या वादांत कोणाची बाजू किती खरी, हें आज पुन्हां उकरण्याचें कारण नाहीं. परंतु त्या वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न, म्हणजे स्वराच्या आरंभ-शेवटांमध्यें जें घडतें त्यास संगीत म्हणावयाचें कीं नाहीं, हा माझ्या टेबलावर येऊन बसला होता. मीं टिकाव शून्यावर आणला, उठाव अत्यंत लहान केला व उतार आठ सेकंदांपर्यंत वाढविला. आतां तार छेडल्यासारखी वाटूं लागली. पण ती तंबोऱ्याची नव्हती. तींत जवारी नव्हती.

जवारी म्हणजे काय? तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् गोलाईची असते आणि तार व घोडी यांच्या मध्यें सुताचा बारीक धागा सरकविलेला असतो. कांपणारी तार घोडीस पुन्हांपुन्हां चाटून जाते. साध्या तारेस जेथें छेडावें, तेथें ज्या उपस्वराची तार स्थिर असते, तो उपस्वर उमटूं नये असा नियम आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें कीं, तंबोरा व वीणा हा नियम पाळीत नाहींत. जो उपस्वर नसावयाचा तोही त्यांत खणखणीत ऐकूं येतो. शिवाय वरचे उपस्वर छेडतांक्षणींच संपूर्ण फुलत नाहींत. आवाज उतरूं लागलेला असतो, तेव्हां रंग अजून चढत असतो. तंबोऱ्याचा सारा जीव या उलट्या चालींत आहे.

हें एकदां ध्यानांत आल्यावर पॅच आपोआप सुचला. प्रत्येक तारेस एक एन्व्हलप पुरत नाहीं, दोन हवेत. पहिला अ‍ॅम्प्लिफायरला: एकदम उठणारा, लांब उतरणारा. दुसरा फिल्टरला: अर्ध्या-पाऊण सेकंदानें शिखरास पोंचणारा आणि मग सावकाश मिटणारा. दोघांस एकाच क्षणीं इशारा द्यावयाचा, परंतु त्यांची चाल निराळी ठेवावयाची. फिल्टरची धारही किंचित् तीव्र केली, म्हणजे तो उघडत जातांना एकेक उपस्वर क्रमानें उजळून जातो. माझ्याजवळ चारच जनरेटर होते. उरलेले चार शेजारच्या एका तरुणानें आपल्या चौकटींतून काढून दिले. त्या संध्याकाळीं पंचमाची तार पहिल्यानें ‘बोलली’. बाई कांहीं म्हणाल्या नाहींत. पण खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसल्या.

आतां प्रश्न फेऱ्याचा. चार तारा ओळीनें कोणीं छेडाव्या? घड्याळाप्रमाणें ठोके देणारें मॉड्यूल असतें, पण तें मला नको होतें. एक तार पूर्ण विझल्यावर दुसरी सुरू करावी, तर तारांचा एकमेकींवर पडणारा पदर जातो. आणि पदराशिवाय तंबोरा नाहीं. येथें कंपॅरेटर नांवाचें मॉड्यूल उपयोगी पडलें. तें दोन दाबांची तुलना करतें आणि एक दुसऱ्याच्या खालीं गेला कीं इशारा देतें. पंचमाचा एन्व्हलप शिखरावरून उतरत सुमारें तीन-चतुर्थांशावर आला, कीं कंपॅरेटरनें पहिल्या जोडीस उठवावयाचें, तिनें दुसरीस, दुसरीनें खर्जास, आणि खर्जानें पुन्हां पंचमास. खर्जाची मर्यादा मीं थोडी खालीं ठेविली. त्यामुळें खर्जानंतर किंचित् अधिक विसावा पडूं लागला, जसा बोटांनीं छेडणाऱ्याच्या हातून सहज पडतो. या सांखळीस घड्याळ नाहीं. प्रत्येक तार आपल्या आधींच्या तारेचें उतरणें ‘ऐकून’ वाजते. सुरुवातीस मात्र कोणी तरी पहिला धक्का द्यावा लागतो. त्यासाठीं मीं एक बटण लाविलें. तेंही दारावरच्या घंटेचेंच.

दोन दिवस बाई त्यावर गायल्या. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, “याचें बोट थकत नाहीं. माणसाचें बोट असें नसतें.” प्रत्येक फेरा मागच्याची हुबेहूब प्रत होता आणि त्यांच्या कानास तें खुपत होतें. उपाय पुन्हां एन्व्हलपचाच. कांहीं जनरेटरांत एक फेरा संपल्याचा इशारा बाहेर काढतां येतो. तो त्याच्याच आरंभास जोडला, कीं तें साधन झोपाळ्यासारखें आपलें आपण झुलत राहतें. असा एक झोपाळा मीं चाळीस सेकंदांचा केला आणि त्याचा अगदीं थोडा दाब चारही तारांच्या उतारास दिला. उतार कधीं किंचित् लांबे, कधीं आंखूड होई. आणि सांखळी उतारावरच चालत असल्यामुळें लयही आपोआप श्वासासारखी हलूं लागली. चाळीस सेकंद आणि तंबोऱ्याचा फेरा यांचा भाग जमत नाहीं, म्हणून तोच क्षण पुन्हां तसाच येत नाहीं.

यशानें माणूस धीट होतो. मीं आणखी एक युक्ति केली. निवेदक बोलूं लागला कीं मागचें संगीत आपोआप मंद व्हावें, ही रेडिओवरील सोय आपण नेहमीं ऐकतां. तिचें मूळ असें: ध्वनिग्राहकांतून येणाऱ्या आवाजाची चढउताराची रेषा तेवढी काढून घेणारें मॉड्यूल असतें, ती रेषा उलटी करावी, आणि संगीताच्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यावी. मीं बाईंचा आवाज असा जोडला. त्या गाऊं लागल्या कीं तंबोरा मागें सरे, त्या थांबल्या कीं पुढें येई. मला तें फार सुंदर वाटलें. बाईंनीं एक आलाप अर्ध्यावर सोडला आणि म्हणाल्या, “ही तार काढा. तंबोरा माझ्यापुढें मान खालीं घालणार असेल, तर मीं कोणाच्या आधारानें गावें?” मीं तार काढली. जें करतां येतें तें करावेंच असें नाहीं, हा धडा मला माझ्या यंत्राच्या पुस्तकांत मिळाला नसता.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून आणखी दोन युक्त्या धांवत्या सांगतों. सर्ज चेरेप्निन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असा एक जनरेटर रचिला कीं, त्यास बाहेरील दाब दिला तर तो त्या दाबाचे खडे जिने घासून उतरण करतो. स्वरांच्या पायऱ्या त्यांतून नेल्या, कीं मींड निघते; चढाची व उताराची मींड निरनिराळ्या वेगाची ठेवतां येते. दुसरी युक्ति लयीची. अनेक जनरेटर आपला फेरा पुरा होईपर्यंत नवा इशारा घेत नाहींत. ठोके सेकंदास एक येत असतील आणि एन्व्हलप अडीच सेकंदांचा असेल, तर मधले दोन ठोके तो सोडून देतो व दर तिसऱ्यास उठतो. उताराची कळ फिरवून एकाच ठोक्यांतून निमपट, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा काढतां येतो. नाद घडविणारें साधन येथें मात्रा मोजूं लागतें.

चार महिन्यांनीं बाईंचा तंबोरा मिरजेहून परत आला. तेथील शिकलगारांनीं, म्हणजे शस्त्रें घासणाऱ्यांनीं, एकोणिसाव्या शतकांत वाद्यांचें काम हातीं घेतलें आणि त्यांच्या वंशजांनीं तें आजवर चालविलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. नव्या भोपळ्याचा नाद खोलींत भरला, तेव्हां माझ्या आठ एन्व्हलपांची मातब्बरी किती होती, तें मला समजलें. त्या एका घोडीवर जें घडतें, त्याची मीं केवळ एक ओबडधोबड रूपरेषा काढली होती. परंतु बाईंचा गळा या चार महिन्यांत बंद पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मीं तरुणाचीं मॉड्युलें परत केलीं. तारा काढण्यापूर्वीं प्रत्येक कळ कोठें होती, तें एका कागदावर लिहून ठेविलें. बाईंनीं तो कागद मागून घेतला. त्यावरील आंकड्यांशीं त्यांस कांहीं कर्तव्य नव्हतें. त्यांच्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलींस त्यांनीं तंबोऱ्यापुढें बसविलें, एकच तार छेडावयास सांगितली आणि कागदावरील दोन रेषांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हा आवाज उतरतो आहे, आणि हा रंग चढतो आहे. आधीं हें ऐकूं आलें पाहिजे. मग सा लावा.”

श्रोतेहो, आपल्या घरीं तंबोरा असेल, तर आज रात्रीं दिवे मालवून एकच तार छेडून पहा. ती पूर्ण विझेपर्यंत दुसरी छेडूं नका.